प्रिन्सचा एक तास आणि तुमची पत्रं

मागच्या अंकात सहज चार ओळी लिहिल्या होत्या की या उन्हाळ्यात मी प्रिन्स ऑफ पर्शिया हा जुना कॉम्प्युटर गेम परत खेळायला घेतलाय, तोच १९८९ चा, पांढऱ्या कपड्यातला अनवाणी पोरगा, तळघर, साठ मिनिटं आणि शेवटी तो जाफर वजीर. त्यावर एवढी पत्रं आली की या वेळेस बाकीचे सगळे प्रश्न बाजूला ठेवले आणि हे सदर पूर्ण प्रिन्सला दिलं. ज्यांनी कधी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, सुलतान लढाईवर गेलाय, वजिरानं राजकन्येला कोंडलंय, तासाभरात लग्नाला हो म्हण नाहीतर मर असं सांगितलंय, आणि तुम्हाला तेवढ्या एका तासात तळघरातनं वर मनोऱ्यापर्यंत पोचायचंय. एवढीच गोष्ट आहे, पण पस्तीस वर्षं झाली तरी लोकांच्या डोक्यातनं जात नाही.

प्रश्न : नमस्कार भाऊ. मी अमळनेरचा, वय ४४, बियाण्याचं दुकान आहे. नववीत असताना उन्हाळ्यात डॉस आणि वर्डस्टारचा क्लास लावला होता, सर शेवटची दहा मिनिटं गेम खेळू द्यायचे, एका कॉम्प्युटरवर आम्ही तिघं. तिसऱ्या लेव्हलच्या पुढे कधी गेलोच नाही. आता पोरानं लॅपटॉपवर टाकून दिलाय तर सहाव्या लेव्हलपर्यंत जातो, पण तिथे पोचेपर्यंत बारा-तेरा मिनिटंच उरतात, मग हात थरथरतात आणि जिथे कधी मेलो नाही तिथे मरतो. पोरगा म्हणतो पप्पा चीट टाका. आमच्या क्लासमधे पण मोठी पोरं मेगाहिट हा चीटचा शब्द टाकून खेळायची. आते काय करू भाऊ?

भाऊ, मेगाहिट टाकू नका. निदान अजून नको. तुम्ही सहाव्यापर्यंत स्वतःच्या हातानं गेलात, म्हणजे अर्धा गेम तुम्हाला येतो, फक्त घड्याळानं तुम्हाला पळवलंय आणि पळताना माणूस चुकतो.

माझंही अगदी हेच झालं. मी भुसावळचा, लहानपणी गल्लीतल्या मित्राच्या मोठ्या भावाकडे कॉम्प्युटर होता तिथे खेळलो, आणि आता मे महिन्यात, कूलर लावून, पडदे ओढून, परत सुरुवात केली. पहिल्या रविवारी सातव्या लेव्हलला तास संपला. दुसऱ्या रविवारी पाचव्यालाच संपला, म्हणजे मी मागे गेलो. तेव्हा लक्षात आलं की मी प्रत्येक लेव्हल घाईत खेळतोय, मरतोय, लेव्हल पहिल्यापासून सुरू होतेय आणि घड्याळ मात्र मागे जात नाहीये. या गेमची सगळ्यात कडक गोष्ट हीच आहे, मेल्यावर तुमचा जीव परत मिळतो, वेळ मिळत नाही. म्हणजे वेळ कशात जातो तर चालण्यात नाही, मरण्यात जातो. एकदा हे डोक्यात बसलं की मग खेळायची पद्धतच बदलते.

मग मी काय केलं ते सांगतो. पुतण्याची गणिताची चौकोनी वही घेतली. या गेममधे एक स्क्रीन म्हणजे आडवे दहा चौकोन आणि उभे तीन मजले, सगळीकडे हेच माप, आणि एका लेव्हलला जास्तीत जास्त चोवीस स्क्रीन. त्यामुळे चौकोनी वहीत नकाशा असा बसतो की जणू त्यासाठीच वही छापलीय. एक अख्खा आठवडा मी जिंकायला खेळलोच नाही, फक्त बघायला खेळलो. कुठली फरशी हलती आहे म्हणजे पाय पडला की कोसळते, कुठलं बटण कुठलं दार उघडतं, मोठी बाटली कुठे लपवलीय, सगळं वहीत. घड्याळ संपू दिलं, दोनदा संपलं, काही बिघडत नाही. पोरगं शेजारी बसवा आणि पेन्सिल त्याच्या हातात द्या, माझ्या पुतण्यानं तर मला न दिसलेल्या दोन हलत्या फरशा दाखवल्या.

दुसरं म्हणजे शिफ्टचं बटण. लहानपणी आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं, आम्ही नुसतं पळायचो. शिफ्ट दाबून बाण दाबला की प्रिन्स एकच पाऊल टाकतो, जपून, आणि कडेला आला की थांबतो. जमिनीतनं सुळे वर येतात ना, त्यातनं शिफ्ट दाबून पावलापावलानं गेलात तर ते काहीच करत नाहीत, नुसते उभे राहतात तुमच्या पायाशी. पळत गेलात की संपलं. आणि ती वरखाली होणारी पाती, आम्ही त्याला अडकित्ता म्हणायचो, तिथेही हेच, शिफ्टनं अगदी जवळ जाऊन उभं राहायचं, ताल मोजायचा, उघडलं की एक पाऊल. लांब उडी मारायची असेल तर आधी शिफ्टनं कडेपर्यंत जा, मग मागे वळून काही पावलं या, मग पळत या आणि उडी मारा, आणि हवेत असताना शिफ्ट धरून ठेवा म्हणजे पलीकडची कड हातात येते. पडण्याचा पण हिशोब आहे, एक मजला पडलात तर काही नाही, दोन मजले पडलात तर एक जीव जातो (स्क्रीनच्या खाली दिसणाऱ्या छोट्या त्रिकोणांपैकी एक), तीन मजले म्हणजे खेळ खलास. हा हिशोब माहीत असला की कुठे लटकून उतरायचं आणि कुठे सरळ सोडून द्यायचं हे कळतं आणि तिथे खरा वेळ वाचतो.

(आम्ही शाळेच्या सहलीला पारोळ्याच्या किल्ल्यात गेलो होतो तेव्हा हा गेम डोक्यात एवढा होता की आम्ही चार पोरं तटाजवळच्या दगडांवर पाय ठेवताना आधी हळूच दाबून बघायचो. मॅडमना वाटलं पाय दुखतायत.)

तलवारबाजीचं पण तेच. पुढे घुसायचं नाही. समोरच्याला येऊ द्या, वरचा बाण म्हणजे अडवणं, शिफ्ट म्हणजे वार, त्याचा वार अडवला की त्याच क्षणी तुमचा वार. सहाव्या लेव्हलच्या त्या जाड्या पहारेकऱ्याला मी तीस वर्षांपूर्वी नुसतं शिफ्ट शिफ्ट करून मारायचा प्रयत्न करायचो आणि प्रत्येक वेळेस मीच मरायचो.

आता सेव्हचं. तिसऱ्या लेव्हलपासून कंट्रोल आणि जी दाबलं की गेम सेव्ह होतो, कंट्रोल आणि एल नं परत उघडतो. पण तो लेव्हलची सुरुवात आणि तेव्हाची उरलेली मिनिटं सेव्ह करतो, म्हणजे तेरा मिनिटं उरली असताना सेव्ह केलंत तर तुम्ही ती तेरा मिनिटंच जपून ठेवली. म्हणून मी आता असा नियम केलाय की पहिल्या दोन लेव्हल पाच मिनिटांच्या आत झाल्या तरच पुढे जायचं नाहीतर परत पहिल्यापासून. साठ मिनिटं आणि बारा लेव्हल, म्हणजे सरासरी पाच मिनिटं येतात, पण पुढच्या लेव्हल मोठ्या आहेत, त्यांना आठ-आठ मिनिटं लागू शकतात, ती पुढची मिनिटं सुरुवातीलाच कमवायची. किती उरलंय ते स्पेस दाबून बघता येतं. मी तर सांगेन बघूच नका, लेव्हल संपल्यावरच बघा.

आपल्याकडे सेव्हचं महत्त्व तर मी सांगायलाच नको. लोडशेडिंगच्या काळात चौथ्या लेव्हलला पोचलेल्या माणसाची लाईट जाणं म्हणजे काय असतं हे ज्यानं भोगलंय त्यालाच माहीत. तेव्हा आम्हाला सेव्ह करता येतं हेच माहीत नव्हतं. किती दुपारी गेल्या त्यात.

तिसऱ्या रविवारी मी पूर्ण केला, चार मिनिटं बाकी ठेवून. तुमचं पण होईल, वही घ्या.

प्रश्न : दादा, मी धुळ्याची, बारावी झाली आणि ॲनिमेशनचा कोर्स करायचं ठरवलंय. तुमचा लेख वाचून हा गेम बघितला. एवढ्या जुन्या कॉम्प्युटरवर एवढी खरी हालचाल कशी काय? तो वळताना पाय घसरतो ते बघून मी तीनदा परत परत वळवलं.

ताई, तू बरोबर जागा पकडलीस, तो घसरणारा पाय. त्याचं कारण असं की तो पाय खरंच एका पोराचा आहे. जॉर्डन मेकनर नावाच्या माणसानं हा गेम बनवला, जवळजवळ एकट्यानं, आणि त्याला चार वर्षं लागली. १९८५ मधे त्यानं आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालायला लावले आणि एका पार्किंगच्या जागेत पळायला, उड्या मारायला, भिंतीला लटकायला लावलं आणि व्हिडिओ कॅमेऱ्यानं शूट केलं. पुढचं काम तुला आवडेल. ती कॅसेट टीव्हीवर एकेक फ्रेम थांबवून त्यानं स्क्रीनचे साध्या कॅमेऱ्यानं फोटो काढले, ते धुवून आणले, मग मार्करनं आणि व्हाइटनरनं आकृतीच्या कडा स्वच्छ केल्या, त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि त्या कॉम्प्युटरमधे घेतल्या. या पद्धतीला रोटोस्कोपिंग म्हणतात, सिनेमात ती खूप आधीपासून होती, पण गेममधे एवढा जीव लावून तोपर्यंत फार कोणी केली नव्हती. झेरॉक्स आणि व्हाइटनर, विचार कर, म्हणजे आपल्या कॉलेजबाहेरच्या दुकानात जे मिळतं तेच सामान.

तलवारबाजीसाठी मात्र भाऊ कामाचा नव्हता, दोघांनाही तलवार येत नव्हती. मग त्यानं १९३८ च्या द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड या सिनेमातला शेवटचा द्वंद्वाचा प्रसंग घेतला, त्यात काही सेकंद असे आहेत की दोघं बरोबर बाजूनं दिसतात, तेवढ्याच सेकंदांवर या गेममधली सगळी लढाई उभी आहे. आणि संगीत त्याच्या वडिलांचं, फ्रान्सिस मेकनर यांचं. घरातलं काम म्हणतात ना तसं.

तुला एक सांगू का, कोर्स लागायची वाट बघू नकोस. घरात लहान भाऊ असेल तर त्याला पांढरा सदरा घालून गच्चीवर पळव आणि मोबाईलनं बाजूनं शूट कर, मग एकेक फ्रेम कागदावर उतरव. वीस फ्रेम झाल्या तरी तुला समजेल की पळताना माणसाचं डोकं कुठे असतं. आणि केलंस तर आम्हाला पाठव, मनापासून सांगतो, मला बघायचंय.

प्रश्न : कोणती बाटली प्यायची आणि कोणती नाही? चोपड्याहून, घाईत.

डॉसच्या, म्हणजे जुन्या पीसीवरच्या गेममधे लाल छोटी बाटली गेलेला एक जीव परत देते, लाल मोठी कायमचा एक जीव वाढवते, निळी प्यायची नाही, जीव जातो. हिरवी दिसली तर विचार करून, सातव्या लेव्हलची तुम्हाला पिसासारखं हळू खाली उतरवते आणि नवव्याची अख्खी स्क्रीन उलटी करते.

प्रश्न : माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, यावलला असतो आम्ही. त्याच्या वडिलांनी त्याला हा गेम दाखवला. त्यात माणूस सुळ्यांवर पडून मरतो, रक्त दिसतं. मी नको म्हटलं तर दोघं रुसलेत. तुमचं मत काय?

ताई, तुमची काळजी खोटी नाही. सुळे आहेत, पात्यात माणसाचे दोन तुकडे होतात, चित्रं बारीक असली तरी दिसतं ते दिसतंच. माझं मत असं की दहा वर्षांच्या मुलाला एकट्याला देऊ नका, वडिलांनी शेजारी बसावं, रोज अर्धा तास, आणि मुलगा घाबरला किंवा रात्री बोलला तर सरळ बंद. घरात तुमचा शब्द शेवटचा राहू द्या, माझं नाव पुढे करून त्यांना भांडू देऊ नका. आणि अजून एक, रुसवा काढायला कळण्याची भाकरी आणि भरीत करा.

प्रश्न : शिरपूरहून लिहितोय. बाराव्या लेव्हलला ती सावली येते, आपल्यासारखीच दिसते. तिला कितीही मारलं तरी मीच मरतो. वीस-पंचवीस वेळा झालं. गेम खराब आहे का माझी कॉपी?

कॉपी खराब नाही. थांबा, आता जे सांगणार आहे ते ज्यांना स्वतः शोधायचंय त्यांनी हे उत्तर सोडून पुढच्या प्रश्नावर जावं, मी खरंच विनंती करतो, कारण हा क्षण एकदाच मिळतो.

तुम्ही आठवा, ती सावली आली कुठून. चौथ्या लेव्हलच्या शेवटी आरसा आडवा येतो, आपण पळत येऊन त्यातनं उडी मारतो, आणि आरशातनं दुसरा एक प्रिन्स उलट्या बाजूला निघून जातो, आपल्याकडे एकच जीव उरतो. म्हणजे तो कोणी दुश्मन नाही, तो तुमच्यातनंच निघालाय. मग तो पाचव्या लेव्हलला तुमच्या आधी जाऊन मोठी बाटली पिऊन टाकतो, सहाव्याला बटणावर पाय देऊन तुमच्या तोंडावर दार बंद करतो आणि तुम्ही खाली पडता. म्हणून बाराव्यापर्यंत त्याचा एवढा राग आलेला असतो की दिसला की तलवार उपसलीच. आणि त्याला मारलेला प्रत्येक वार तुम्हाला लागतो. तुम्ही खाली तुमच्या जीवांचा हिशोब बघितला असता तर पहिल्या वारालाच दिसलं असतं, पण रागात कोण बघतं.

खालचा बाण दाबा. तलवार म्यानात जाईल. तो पण ठेवेल. मग सरळ त्याच्याकडे चालत जा.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा बारावीत होतो, मित्राच्या भावानं सांगितलं नव्हतं, नुसता मागे उभा राहून बघत होता. चुकून खालचा बाण दाबला गेला माझ्याकडनं. आम्ही दोघं एक झालो आणि मी कितीतरी वेळ कीबोर्डला हातच लावला नाही, घड्याळ चालू होतं तरी. त्यानंतर समोर नुसती पोकळी आहे, तिथे पण थांबू नका, पळत सुटा, पायाखाली फरशी आपोआप येत जाते.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही की ही सावली ठरवून केलेली नव्हती. गेम ॲपल टू या कॉम्प्युटरसाठी बनत होता आणि त्याची मेमरी भरून गेली होती, दुसरं एकही पात्र टाकायला जागा नव्हती, तेव्हा गेममधे लढाईच नव्हती. मेकनरची एक सहकारी मैत्रीण सारखी म्हणायची की यात लढाई पाहिजे. शेवटी त्यानं प्रिन्सचंच चित्र एका पिक्सेलनं सरकवून त्याच चित्रावर एका गणिती युक्तीनं बसवलं, आणि जे चमकतं अर्धवट भूत दिसलं तीच सावली. एक बाइटही नवीन चित्र लागलं नाही. पुढे जागा काढून पहारेकरी पण आणले, पण सगळ्यांच्या लक्षात राहिली ती सावलीच. आपल्याकडे आया एका वांग्यात चार माणसांचं भरीत करतात ते आठवतं मला. अडचणीतनं निघालेली वस्तू अशी असते.

प्रश्न : लॅपटॉपवर खेळताना मधेच एक चौकट येते, स्टिकी की चालू करायचं का विचारते, आणि तेवढ्यात मी पडतो. भडगाव.

शिफ्ट पाच वेळा पटापट दाबलं की विंडोज ती चौकट आणतं, आणि या गेममधे शिफ्ट तर सारखंच दाबावं लागतं. सेटिंगमधे ॲक्सेसिबिलिटी, त्यात कीबोर्ड, तिथे स्टिकी कीचा शॉर्टकट बंद करा, परत येणार नाही. डॉसबॉक्समधे (जुने डॉसचे गेम नव्या कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम) खेळत असाल आणि गेम फार जोरात किंवा रखडत चालत असेल तर कंट्रोल आणि एफ ११ नं हळू होतो, एफ १२ नं जोरात. एसडीएलपॉप नावाची नवीन आवृत्ती पण आहे, लोकांनी डॉसचा मूळ गेम उलगडून परत लिहिलेली, ती लॅपटॉपवर सरळ चालते, तिच्यात एफ ६ नं कुठेही सेव्ह होतं आणि एफ ९ नं परत येतं. पहिल्यांदा पूर्ण करेपर्यंत मात्र एफ ६ ला हात लावू नका असं माझं म्हणणं आहे, दर दोन पावलांना सेव्ह केलं तर मरायची भीती जाते आणि भीती गेली की माणूस शिफ्ट दाबायचंच सोडतो. पेनड्राइव्हवर कोणी दिलेली अनोळखी फाईल उघडू नका, त्यात व्हायरस असतात.

आणि ज्यांना प्रोग्रामिंग येतं त्यांच्यासाठी, ॲपल टू वरच्या मूळ गेमचा सोर्स कोड हरवला होता, २०१२ मधे मेकनरच्या वडिलांना घरातल्या एका खोक्यात जुन्या फ्लॉप्या सापडल्या, त्यातनं तो कोड निघाला आणि त्यानं तो सगळ्यांसाठी खुला केला. वाचायला कठीण आहे, पण बघण्यासारखा आहे.

प्रश्न : मी नंदुरबारचा, निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय ६८. नातीच्या कॉम्प्युटरवर हा खेळ पाहिला आणि आवडला. पण माझी बोटं आता हळू चालतात, हाताला थोडा कंप आहे. माझ्याकडून होईल का, की उगाच तिचा वेळ घेऊ नये?

गुरुजी, होईल. तुम्ही वरचं अमळनेरच्या भाऊंचं उत्तर वाचलं असेल तर लक्षात आलं असेल की हा पटापट बोटं चालवायचा खेळ नाहीच. जो थांबतो, मोजतो, मग एक पाऊल टाकतो तो पुढे जातो, आणि चाळीस वर्षं वर्गात पोरं सांभाळलेल्या माणसाला ते मी काय शिकवणार. पळती उडी जिथे आहे तिथे नातीला बटण दाबू द्या, तुम्ही कधी दाब ते सांगा. लढाईत कंपामुळे अडचण येईल, तिथे पण तीच तलवार धरेल. नकाशाची वही तुमच्याकडे ठेवा, अक्षर तुमचंच चांगलं असणार. तास संपला तर संपू द्या, दुसऱ्या दिवशी परत बसा, तिलाही ते पाहिजेच असेल.

आणि आठव्या लेव्हलपर्यंत आलात की एक जागा अशी येते, बाहेरचं दार उघडलेलं असतं पण मधलं जाळीचं दार बंद, आणि आपल्या बाजूला एकही बटण नाही. नात म्हणेल आजोबा अडकलो, परत सुरू करू. तिला करू देऊ नका. काहीच करू नका, दोघं हात बाजूला ठेवून नुसते बघत बसा. थोड्या वेळानं राजकन्येचा पांढरा उंदीर पळत येतो, बटणावर बसतो, आणि दार उघडतं.